पंखा, गिअर आणि मागची सीट

४ फेब्रुवारी, सकाळी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण पलंगावर माझ्या आणि नवऱ्याच्या मधे सहा फुटी लाकडी पंखा झोपला होता. फळ्यांवर फळ्या चिकटवून केलाय, अकरा क्लॅम्प लावलेत. ग्लू सुकायला उबदार जागा लागते म्हणे. घरात सगळ्यात उबदार जागा आमचीच निघाली. कूस बदलली की क्लॅम्प टोचायचा. मी भिंतीला चिकटून, पंखा ऐसपैस.

पण खरं सांगायचं तर टोचण्यानं झोप उडाली नाही. अंधारात एकदम डोक्यात आलं की हा पंखा छताला लागणार नाही, विमानाला लागणार. विमान मागच्या अंगणात उभं आहे. त्यात माझा नवरा बसणार. इतके दिवस वाटायचं, पुरुषाला कसला तरी नाद असतोच. कोणी पत्ते कुटतं, कोणी कबुतरं पाळतं. आमचे हे लिफ्ट मेकॅनिक. दिवसभर लोकांना वर-खाली नेतात, तरी हौस फिटत नाही. आणि छोटी अजून दहा महिन्यांची आहे.

ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिली, छोटीचं वजन लिहायला; पहिल्या पानावर माझंही त्यांनीच लिहिलंय. वजन एका ओळीत संपतं, पानं उरतात. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण एवढं लिहिता येतं: आज ह्यांना स्पष्ट सांगणार. विमान बंद. विषय संपला. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सांगितलं नाही. हे पंख्याला रंधा मारत होते. दुसरं टोक हलत होतं, कोणीतरी धरायला हवं होतं. धरलं. धरलं म्हणजे मदत केली असं नाही. रंधा चालू असताना माणसाशी वाद घालू नये, हात कापतो. उद्या सांगते.

९ फेब्रुवारी

नवीन प्लॅन. अबोला. बायको बोलेनाशी झाली की भलेभले वठणीवर येतात. आज पाचवा दिवस.

९ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

आज ताटावर बसल्यावर हे म्हणाले, हल्ली घरात किती बरं वाटतंय गं, शांत शांत, पुलीचं काम पाच दिवसांत उरकलं. अबोला मोडला. चांगला तासभर मोडला.

त्यातनं पुलीचं कळलं ते असं. इंजिन मोडीतल्या गाडीचं आहे, ते मिनिटाला पाच हजार फेरे मारतं. पंखा तेवढा फिरला तर त्याची टोकं आवाजाच्याही पुढे पळतात, मग नुसती बोंब, ओढ काहीच नाही. म्हणून इंजिनाला लहान पुली, पंख्याला मोठी, मधे पट्टा. फेरे निम्मे. मला ह्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

१५ फेब्रुवारी

पंखा म्हटलं की ह्यांना राग येतो. प्रोपेलर म्हण, म्हणतात. म्हटलं, वारा घालतो तो पंखा.

आज त्याच्या मधल्या भोकातून सळई घालून दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला. एक पातं हळूहळू खाली जायचं. हे चष्मा पुसत म्हणाले, बघ, बॅलन्स झाला. म्हटलं, कुठला झाला, डावं जड आहे, दिसत नाही का. मग उजव्याला वॉर्निशचा एक हात मीच दिला. वाळल्यावर परत बघितलं, अजून अर्धा हात दिला. आता कुठंही सोडा, तिथंच थांबतो. पंखा थोडा जरी एकीकडे जड असला तरी थरथरून इंजिनासकट उखडून येतो म्हणे. असं कोणाचं घर उखडलेलं मला बघवणार नाही, म्हणून केलं. विमानाला माझा विरोध कायम आहे.

२२ फेब्रुवारी

सासूबाईंना पुढे करायचं ठरवलं. मलाच आधी सुचायला हवं होतं. बाई स्टुलावर चढून दिवा बदलत नाहीत, पोरगा आभाळात गेलेला कशा सहन करतील. दुपारी छोटीला त्यांच्या मांडीवर दिलं, बाजूला बसले आणि डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगितलं. पाणी आणावं लागलं नाही, आपोआप आलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ह्याचे वडील जन्मभर घर ते पिठाची गिरणी, गिरणी ते घर. मेले तेव्हाही चपला गिरणीच्याच दाराशी. हा तरी कुठं जातोय तर जाऊ दे. तू काय पदराला बांधून ठेवणार आहेस त्याला? आणि मागच्या सीटला गादी शिवलीस का? बसणाऱ्याला टोचेल.

गादी शिवली. त्यांनी कापड समोर टाकलं, नाही कसं म्हणणार.

२८ फेब्रुवारी

दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, ट्रक चालवतो. ह्यांना बघायला आला तेव्हाच म्हणाला होता, माणूस सोन्यासारखा आहे, एक स्क्रू ढिला आहे, पण कुठला ते कळत नाही. त्यावरून मी त्याला आठ महिने तोंड दाखवलं नाही. आज विचारत होता, सगळं ठीक ना. ठीक, म्हटलं. मागं कसला आवाज येतोय. ह्यांचं ड्रिल चालू होतं. मिक्सर, म्हटलं. म्हणाला, एवढा मोठा मिक्सर? कसली भानगड असेल तर सांग बये, मी येऊन दोन गोष्टी सांगतो, माझं ऐकतात ते.

ऐकतात हे खरं आहे. जगात एकट्या दादाचं ऐकतात. पण मी म्हटलं, माझं मी बघून घेईन. बघतेच आहे की. परिस्थिती माझ्या हातात आहे.

६ मार्च

आनंदाचा दिवस. इंजिन पहिल्यांदा चालू केलं.

शेपटीला दोर बांधून दोर अंगणातल्या लोखंडी खांबाला अडकवला, मधे वजनकाटा. पंखा किती किलोनं ओढतो ते बघायचं. छोटीला घेऊन मी जिन्यावर उभी, सासूबाई दारात. हे आत बसले. इंजिन खोकलं, पेटलं, पंखा गरगरला, अंगणातली सगळी धूळ पुढच्या बाजूला उडाली, आणि विमान मागं निघालं. दोर सैल पडला. काटा शून्यावर. शेपटी धुण्याच्या दगडावर जाऊन बसली.

हे उतरले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग कळलं. इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते ह्यांनी ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं होतं, आणि पातं कोरताना तीच दिशा समोरून धरली. इतक्या दिवसांचं कोरीव काम, बरोब्बर उलटं. उलटवून लावला तरी उपयोग नाही, स्क्रूसारखं असतं ते, कसाही धरा, आटे त्याच बाजूचे राहतात.

मी तोंडावर पदर धरला. म्हटलं, रडतेय असं वाटू दे. आजपासून विमान बंद. मी काही न करता प्रश्न सुटला. ह्यालाच अक्कल म्हणतात.

७ मार्च

सात तास झोपले. उठले तर हे तसेच, अंगणात, तोंड एवढंसं झालेलं. जरा वाईटही वाटलं. पण जिभेला कोण धरणार. चहा देताना म्हटलं, एवढं काय ते, उलटं फिरतं तर सुलटं करा. छोटीच्या खेळण्यातसुद्धा दातेरी चाकं आहेत, एक इकडे फिरलं की शेजारचं तिकडे फिरतं. अकरा महिन्यांच्या पोरीला कळतं, तुम्हाला कळत नाही?

नुसता टोमणा होता.

हे कप हातात घेऊन थांबले. मग छोटीच्या हातातलं खेळणं काढून घेतलं, दोनदा फिरवलं, आणि चहा तसाच ठेवून लेथवाल्या टर्नरकडे पळाले. पट्टा काढायचा, दोन गिअर बसवायचे. फेरेही निम्मे, दिशाही सुलटी. संध्याकाळी टर्नर स्वतः घरी येऊन म्हणाला, वहिनी, डोकं लावलंत हो. सासूबाई सगळ्या गल्लीला सांगत सुटल्यात, आमच्या सुनेनं विमान दुरुस्त केलं.

जिभेबद्दल आज काही लिहायचं नाही.

२० मार्च

आता इंजिनकाकांवर भिस्त. काकांचा जन्म विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये गेला, आता रिटायर आहेत, आणि त्यांनी सही केल्याशिवाय हे उडू शकत नाहीत. माणूस असा कडक की हसला तर पावती मागेल. मी मनात म्हटलं, हाच माझा माणूस.

तीनदा आले. पहिल्यांदा म्हणाले, इंजिन ज्या सांगाड्यावर बसवलंय त्याच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर आहे, नापास. दुसऱ्यांदा म्हणाले, पेट्रोलची नळी सायलेन्सरला खेटून नेलीय, जळून मरायचंय का, नापास. तिसऱ्यांदा पंख्याचे बोल्ट. लाकूड आहे, हवा कोरडी झाली की आकसतं, बोल्ट ढिले पडतात, दर थोड्या दिवसांनी परत आवळायचे. प्रत्येक वेळी मी काकांना चहाबरोबर बिस्किटंही दिली.

पण ह्यात एक गोची आहे, ती आज लक्षात आली. काका यादी देतात, हे ती पुरी करतात. विमान दर खेपेला जास्तच चांगलं होतंय. आज काका म्हणाले, एकच उरलं. गिअर सतरा किलोनं जड झाले, नाक खाली झुकतंय. मागच्या सीटवर पन्नास किलो ठेवा.

हे पोत्यात वाळू भरतायत. मी पोत्याचं तोंड धरलं. एकट्यानं भरता येत नाही.

२ एप्रिल, सकाळी सहा

आज जुन्या धावपट्टीवर नेणार. पहिली टेस्ट. काकांनी सांगितलंय, आज नुसतं जमिनीवर पळवायचं.

रात्री उंदरानं पोतं कुरतडलं. सगळी वाळू अंगणात, दुसरं पोतं घरात नाही. वजन नाही तर टेस्ट नाही, काका नियमाचे पक्के. उंदराच्या हातात कात्री होती. बास, ह्यापुढे लिहीत नाही. आज मी जिंकले.

आठ वाजता, धावपट्टी

ह्यांनी तरी विमान आणलंच. काका म्हणाले, वजन नाही, टेस्ट कॅन्सल. मी छोटीचा पापा घेतला. तेवढ्यात काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. विचारलं, सूनबाई, तुमचं वजन किती? मी म्हटलं, आठवत नाही. सासूबाई म्हणाल्या, तिच्या वहीत आहे की, नर्सबाईंनी लिहिलंय. एकोणपन्नास.

पण मी शांतपणे विचार केला. हे उलट चांगलंच झालं. मी मागं बसले तर ह्यांची उडायची हिंमतच होणार नाही. पोरीच्या आईला घेऊन कोण वर जाईल? छोटी सासूबाईंकडे दिली आणि बसले. गादी चांगली झालीय.

साडेआठ, मागच्या सीटवर

विमान सरळ पळतं. एक फेरी झाली. पंखा जरासुद्धा थरथरत नाही, हे मी सांगते. काका बाहेर उभे राहून ओरडले, चाक जमिनीवरून उचलायचं नाही. ह्यांनी मान हलवली. ती मान मी ओळखते. येताना दूध आणा म्हटलं की तीच हलते.

आता परत टोकाला, काकांजवळ आलोय. तोंड वाऱ्याकडे केलंय. हे मागं वळून म्हणाले, घाबरू नको, जमलं तर बघू. काय जमलं तर, म्हटलं. कमरेचा पट्टा घट्ट कर, म्हणाले. इंजिनाचा आवाज वाढतोय.

मी वही काकांकडे फेकतेय. भीती वाटते म्हणून नाही, तसं काही नाही. पण हे जो कोणी वाचेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर शेवटच्या पानावर आहे. सांगा, लगेच ये, हे तुझंच ऐकतात. छोटी झोपताना जवळ असेल त्याचा कान धरते, धरू द्यायचा, एवढंही सांगा. खाली आल्यावर वगैरे नको. आत्ताच करा.