राखीव निधीला हात नाही

मी, खंडू आत्माराम गमरे, वय ७९, शिक्षण सातवी, फौजेतला निवृत्त हवालदार, राहणार इंद्रलोक, भाईंदर (पूर्व), हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉ. पूर्वी शाह यांचा दाखला जोडला आहे. त्याच्या दोन झेरॉक्सही जोडल्या आहेत, एखादी हरवली तर असावी म्हणून.

१. राहती खोली मुलगा लोकेश याला. त्याने ती आधीच आपली धरली आहे, तरी लिहिलेले बरे.

२. काळी ट्रंक व पदके नात निशा हिला. विकली तरी चालतील. मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवू नयेत.

३. माजी सैनिक आधार मंडळाचा मी बावीस वर्षे खजिनदार. अडचणीला पैसे असावेत म्हणून सहा लाखांचा राखीव निधी जमवला. बँक बुडेल या धास्तीने तीन बँकांत ठेवला आणि पावत्या रोज काढून बघितल्या. माझ्याच तुकडीतला धर्माजी काशीमीऱ्याला गोदामावर वॉचमन होता. डायलिसिससाठी चाळीस हजार मागायला दोनदा आला. मी दोन्ही वेळा राखीव निधीला हात न लावण्याचा नियम दाखवला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "खंडू, ही अडचण नाही, तर मग अडचण कशी असते?" मी त्याला चहा पाजून पाठवले. महिन्याभरात तो गेला.

४. पुढच्या वर्षी अध्यक्ष महिपत कदम यांनी त्याच निधीतून हायवेच्या हॉटेलात रौप्यमहोत्सव केला. शाली, जेवण, ड्रोनवाला. धर्माजीसाठी दोन मिनिटे उभे राहिलो, मग जेवलो. ठरावावर माझीही सही आहे. महिपतला माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. मंडळाचा हार घेऊ नये.

५. पेन्शनमधून साठलेले एक लाख साठ हजार <s>धर्माजीच्या पत्नी भीमाबाई</s> यांना द्यावेत, असे लिहून मी कागद त्यांच्या घरी नेला. वाचून दाखवला. साक्षीदार अजून एक कमी आहे, आणि साक्षीदाराला यातले काही घेता येत नाही असे वकील सांगतात, हेही बोलून गेलो. त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "भावजी, मग मलाच साक्षीदार करा."

म्हणून ही रक्कम लोकेशकडे राहील. कोणी फौजी किंवा त्याची बायको मागायला आली, तर त्याच दिवशी द्यावी. नियम काढू नये. शिल्लक ठेवू नये.

सर्व दोनदा वाचले. कलम पाचमध्ये एक नाव खोडले आहे, ते मीच खोडले.

ठिकाण: भाईंदर (पूर्व)
दिनांक: १२ जानेवारी २०२५

(सही) खंडू आत्माराम गमरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. पूर्वी शाह
२. (सही) भीमाबाई धर्माजी खिल्लारे