हिरव्या पेन्सिलीच्या खुणा

१२ एप्रिल, शनिवार
क्रिकेट क्लबच्या मैदानावरच्या कंटेनरची किल्ली केदारने आज मला आणून दिली. कॅप्टन तो, तरी म्हणाला, काका, सेक्रेटरी तुम्ही, तुमच्याकडेच राहू द्या. सु. सेक्रेटरी होती, तिचा नवरा म्हणून आता मी. कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही.
किल्ल्या दोन होत्या. दुसरी कुठे विचारलं. "हरवली असेल." असेल.
सु. जाऊन आज बारा आठवडे.

१३ एप्रिल, रविवार
कंटेनरमधली प्रेस (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) उघडली. वरच्या कप्प्यात सहा वर्षांची स्कोरबुकं, ब्राउन पेपरची कव्हरं घातलेली, नावं तिच्या अक्षरात. मागच्या वर्षीचं घरी आणलं.
सप्टेंबरात डिव्हिजन जिंकून वर आलो ते अकरा जण. त्यातले तीन गेले. जसप्रीत, आमचा फास्ट बॉलर, डब्लिनच्या मोठ्या क्लबात. कीपर नोकरीसाठी लिमरिकला. तिसऱ्याने कळवलंही नाही, ग्रुपमधून बाहेर पडला तेवढंच. जिंकलो नसतो तर तिघेही इथेच असते असं मला वाटतं. हरणाऱ्याकडे कोण बघतो.
राहिली मृण्मयी. नागपूरची, तेवीस वर्षांची, शिकायला डब्लिनला आणि राहायला इथे ड्रोहेडात. पुरुषांच्या टीममध्ये एकटी मुलगी. ऑफ स्पिन. सगळ्यात जास्त विकेटी तिच्या. ती गेली की सु.ने उभी केलेली ही टीम नुसती व्हॉट्सॲपवर उरेल.
वहीत एक गोष्ट दिसली. मृ.च्या ओव्हरींमध्ये काही ठिपक्यांशेजारी हिरव्या पेन्सिलीची बारीक खूण. बाकी कुणाच्या ओव्हरीत नाही. कशाची ते कुठे लिहिलेलं नाही. नोव्हेंबरात सु.ने हीच वही मला खिडकीपाशी धरायला लावली होती, ती फोनने पानांचे फोटो काढत होती. हात हलवू नकोस म्हणाली. तेव्हा विचारायला हवं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार
डब्लिनच्या अलीकडे स्वोर्ड्सला माझं ऑफिस. वेस म्हणून अमेरिकन आहे शेजारच्या टेबलावर, त्याला क्लबची हकिकत सांगितली. सहसा सांगत नाही. तो म्हणाला, आमच्या गावाचंही हेच. लहान शहराची बेसबॉल टीम, दहा-पंधरा वर्षांत एकदा जिंकते, आणि पुढच्या दोन वर्षांत पोरं मोठ्या शहरांत. घडवायची आम्ही, ठेवायची त्यांनी. मग उपाय काय, विचारलं. म्हणे हुशार मालक पोराला स्वतःची किंमत कळायच्या आधीच लांब करारात बांधून टाकतात.
बसमध्ये तेच डोक्यात. आमच्याकडे करार नाही. सु.ची थालीपीठं होती.

२७ एप्रिल, रविवार
पहिली मॅच. हरलो. मृ. ३ विकेटी. चहाला मी अंड्याची सँडविचं केली, सगळ्यांनी छान म्हटलं. फार वेळा म्हटलं.
केदारला बाजूला घेऊन सांगितलं, मृ.ला व्हाइस कॅप्टन करा. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. करू म्हणाला.
मृ.चं उत्तर, सगळ्यांसमोर: "काका, हे काय करून राहिले तुम्ही? दोघंच येतात प्रॅक्टिसला. मी कोणाची व्हाइस होऊ?" हसले सगळे. मीही.
रेलिंगपाशी एक काळी गाडी. आतल्या बाईने मॅच संपेपर्यंत काच खाली घेतली नाही.

३० एप्रिल, बुधवार
प्रॅक्टिस. केदार दोनदा फोन घेऊन रोलरच्या मागे गेला. एकदा "नाही, अजून त्यांना सांगितलेलं नाही" एवढं ऐकू आलं. मला बघून आवाज उतरला.

११ मे, रविवार
काळ्या गाडीतली बाई आज घडीची खुर्ची घेऊन सरळ माझ्या टेबलाशेजारी येऊन बसली. ईफा. जसप्रीत गेला त्याच मोठ्या क्लबच्या बायकांच्या टीमची कोच. थर्मासमधला चहा मला विचारला, मी नको म्हटलं. मृ. बॉलिंगला आली तशी तिने माझ्या वहीत डोकावून विचारलं, हिरव्या खुणा आता करत नाही का?
कसल्या, म्हटलं.
"बॅट चुकवून गेलेल्या चेंडूच्या."
मी 'ग्रँड' म्हणालो, इथे 'ठीक' म्हणतात तसं. काय ग्रँड, माझं मलाच माहीत नाही. तेवढ्यात एक चेंडू लिहायचा राहिला. माझ्या ओव्हरीत पाचच चेंडू, त्यांच्या स्कोररकडे सहा. तो एक चेंडू शोधण्यात दोघांचा अर्धा चहा गेला.
माझ्या बायकोच्या खुणेचा अर्थ मला एका परक्या बाईने सांगितला.

१२ मे, सोमवार
तिला वही दाखवली कुणी? वही प्रेसमध्ये, कंटेनरला कुलूप. एक किल्ली केदारकडे होती, दुसरी "हरवलेली". केदारचंही ऑफिस स्वोर्ड्सला, ईफाचा क्लबही त्याच बाजूला. जसप्रीतलाही त्यानेच सोडलं, एका शब्दाने अडवलं नाही.
फोन केला. रोलरमागे कुणाशी बोलत होतात, विचारलं. मग म्हणाला, "काका, ते सांगायचं नव्हतं. काकूंच्या नावाची पाटी करतोय कंटेनरवर. पण तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून आहात का?"
सॉरी म्हणायला हवं होतं. बरं म्हणालो.
पाटीचं खरं की आयत्या वेळी सुचलेलं?

१३ मे, मंगळवार
पाटीचं खरं आहे. ग्रुपवर फोटो आला. सु.च्या नावात काना-मात्रा बरोबर आहेत.
सु.चे कोट मंदिरात द्यायचे म्हणून काढले. निळ्याच्या खिशात केसांची क्लिप, बसचं तिकीट आणि दुसरी किल्ली.
कोट परत टांगले.

१४ मे, बुधवार
म्हणजे केदार नाही. मग मृ.च. नोव्हेंबरात ती सूप घेऊन घरी यायची, वही तेव्हा टेबलावरच असायची. प्रॅक्टिसनंतर तिला गाडीतून घरी सोडलं आणि दारात विचारलं, ईफाला वही तू दाखवलीस का.
नाही म्हणाली. ईफाने हिवाळ्यातच तिकडे खेळायला येतेस का विचारलं होतं, तेव्हा नकार दिला. "काकू हॉस्पिटलात होत्या. तेव्हा कसं जायचं?" आता परत विचारलंय, उत्तर दिलेलं नाही. मला का सांगितलं नाहीस, म्हटलं.
"तुम्ही बोलता कुठे, काका? नुसतं बघता. मी चोरी केल्यासारखं."
पुढे म्हणाली, "इथे मी पोरांच्या टीममधली पोरगी आहे. आऊट झालेला प्रत्येक जण हसत जातो. तिथे नुसती बॉलर असेन."
जायचंय का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

१८ मे, रविवार
पाऊस, मॅच नाही. ईमेलने क्लब बदलण्याचा फॉर्म आला. मृ.ने भरलाय. खाली जुन्या क्लबच्या सेक्रेटरीची सही लागते, म्हणजे माझी. ३१ तारखेच्या आत झाली तर या सीझनला ती तिकडे खेळू शकते, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि एकदा तिकडे गेली की आमच्याकडून नाही.
प्रिंट काढली. वहीच्या मागच्या कव्हरात ठेवली.
सही न करणं सोपं आहे. नजरचुकीने राहिली म्हणायचं, कुणीही मानेल. माझ्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतंच.

२१ मे, बुधवार
ईफाला फोन केला. खुणांचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला, एवढंच विचारलं.
तिला वाटलं मला माहीत आहे. "तुमच्या बायकोने. नोव्हेंबरात."
मेल पुढे पाठवते म्हणाली. पाठवली. अकरा फोटो. प्रत्येकात पानाच्या कडेला माझा अंगठा.

२२ मे, गुरुवार
मेल तीनदा वाचली. सु.चं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मुलीत काय आहे, आमच्याकडे ते का वाया जाईल, हिरवी खूण म्हणजे काय, सगळं मुद्देसूद. विकेट सगळ्यांना दिसते, चुकलेली बॅट कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी ठेवली, असं लिहिलंय. शेवटी: माझा नवरा आधी नाही म्हणेल. त्याला थोडा वेळ द्या.
तीन खोल्यांचं घर. मी सूप गरम करत होतो तेव्हा ही पलीकडे बसून हे लिहीत होती. मला सांगितलं नाही, कारण मी अडवलं असतं. अडवलं असतं हे खरं आहे. तरी.
टीम तिने उभी केली आणि टीममधलं सगळ्यात चांगलं माणूस तिनेच बाहेर दाखवलं. वही माझ्याच हातात धरायला लावून. अजून काय काय मला माहीत नाही?

२५ मे, रविवार
ऊन. केदारला सॉरी म्हणालो. तो म्हणाला ग्रँड काका, आणि सँडविचमध्ये चटणी घालायला सांगितलं.
सु.च्या पाउचमधली हिरवी पेन्सिल घेऊन गेलो होतो. बोथट झालेली, कटरने टोक काढलं. मृ. आठ ओव्हरी. विकेट एकच. हिरव्या खुणा चौदा. मी कधी इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं. चेंडू बॅट चुकवून जातो तेव्हा ती ओरडत नाही, नुसती मागे वळून चालायला लागते.
चहाच्या वेळी टेबलापाशी आली, पान बघितलं. बोट खुणांवरून फिरवलं, पण टेकवलं नाही.
"हे काकूंचं ना?"
हो म्हटलं. काकूंना तू पाठवायची होतीस, हेही सांगितलं. जिभेवर जड होतं, पण सांगितलं. ती खाली बसली. मग विचारलं, "आणि तुम्हाला?"
मी आधी नाही म्हणालो. मग म्हटलं, थोडा वेळ दे. ३१ शनिवारी आहे.
घरी आल्यावर केदारचा मेसेज: पुढच्या रविवारची टीम पाठवा. दहा नावं लिहून पाठवली. फॉर्म समोर आहे, सही केलेली नाही. आता त्याचा फोन वाजतोय, अकरावं कोण ते विचारायला.