पानांची जुडी

८ एप्रिल

सीलावती पुन्हा आली. हातात विड्याच्या पानांची जुडी, माफी मागताना वाकून देतात ती. "अक्के, ह्यांच्या वतीने वाकते. चुकलं-माकलं माफ कर. ह्यांचा जीव अडकलाय, एकदा येऊन जा." तिच्या नवऱ्याला, गुणपालला, लकवा झाल्यापासून तिसरी खेप. मी गुळाची कढई ढवळत राहिले. जुडी घेतली नाही. बसही म्हटलं नाही.

चार वर्षांपूर्वी नवीन वर्षाच्या पुण्यकाळात पियरत्न गुळासाठी रस काढायला कितुलच्या झाडावर चढला. त्या वेळात चूल पेटवायची नाही, कामाला हात लावायचा नाही. पण माझा नवरा माझं ऐकेना, ही त्याची चूक. मात्र खालून बोंबलला तो शेजारचा गुणपाल. पियरत्न दचकला, पडला आणि जागीच गेला. सगळ्या गावाला मी हेच सांगितलं. आता जीव अडकलाय म्हणे. अडकू दे.

९ एप्रिल

गूळ करपला. माझ्या हातून!

१० एप्रिल

विहारात दानाची पाळी माझी. जेवणानंतर भंते नेमके त्याच वचनावर बोलले – वैराने वैर विझत नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघून माना डोलवत होत्या. डोकं तापलं. भांडी आवरताना मीही सुनावलं. "आपणच आपला आधार, हेही बुद्धांचंच ना? पन्नाशीत मी झाडावर चढायला शिकले, कुणाच्या दारात गेले नाही. गुणपालनेही आपलं आपण बघावं."

भंते हसले. "उपासिके, सोयीपुरतंच पाठ केलंस. पाप आपणच करतो, धुतोही आपणच. दुसरा कुणी धुऊन देत नाही. हे त्याच वचनाला लागून आहे."

"मग माझ्या क्षमेने त्याचं काय धुतलं जाणार?"

"त्याचं कुठं म्हणतोय मी?"

असं म्हणून पाठ फिरवून गेले. म्हाताऱ्याला माणसाला घोळात टाकायची हौस आहे.

११ एप्रिल

'त्याचं कुठं म्हणतोय'... दिवसभर तेच.

रसासाठी पोयीला, कितुलच्या फुलोऱ्याला, काप द्यायला वर चढले. तिथून गुणपालचं अंगण दिसतं. त्याला उन्हात खाटेवर निजवलं होतं. मला बघून त्याने चालता हात वर केला, खाली केला, पुन्हा वर. शिव्या देत असेल. अर्धा रस सांडून उतरले.

१३ एप्रिल

नव्या वर्षाचे कावुम तळले, तांदळाचं पीठ आणि गूळ घालून. दोन घरांना पुरतील इतके! सीलावतीकडून तळणाचा वास नाही. एक ताट भरलं, झाकलं. पाठवलं नाही.

१४ एप्रिल, पुण्यकाळ

चूल थंड. सगळे विहारात. लिहिणं काम धरतात का, ठाऊक नाही.

हात रिकामे असले की हे असं होतं. काप चुकला की पोय आटते – त्या वर्षी तीन पोया भरात होत्या. पियरत्न विहारात जायला पांढरे कपडे घालून दारात उभा होता. मी त्याला

नाही लिहवत.

१५ एप्रिल

"पोय वाळेल, वर जा, कोण बघतंय" – मीच म्हटलं होतं. तो नको म्हणत होता, मी त्याला बायल्या म्हटलं. गुणपालने कुंपणापलीकडून सगळं ऐकलं. खालून ओरडत होता ते "उतर, उतर" असं. गाव त्याच्यावर थुंकलं, पण चार वर्षांत त्याने माझं नाव घेतलं नाही.

सकाळी गेले. सीलावतीला वाटलं, मी माफ करायला आले. मी पदराखालून पानांची जुडी काढली, त्याच्या चालत्या हातात ठेवली आणि वाकले.