भिंतीवरच्या फलकाला अभय

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (दातओठ खात घातलाय, तरी गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत, फक्त कालपासून उकळतेय.

मी हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळते (तुम्ही चारचौघांत ‘पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते’ म्हणता, असो). त्या सर्व्हरवर बरेच प्रोग्राम एकत्र नांदतात. कुणाला किती मेमरी द्यायची ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. मेमरी संपली की सगळंच बंद पडू नये म्हणून ती एकाचा गळा घोटते, बहुधा सगळ्यांत खादाड असेल त्याचा. याला मी न्याय म्हणते. पण आमच्या साहेबांनी दर्शनी भिंतीवर भलामोठा फलक लावलाय. हॉस्पिटल किती सुरळीत चाललंय, ते त्यावर रंगीत आकडे नाचून सांगतात. त्याचा प्रोग्राम बकासुरासारखा खातो. मी त्याला मर्यादा घातली, तर नाच अडखळू लागला. साहेब कडाडले, “मर्यादा काढ! आणि सिस्टीम त्याला हात लावणार नाही असं कर. पाहुणे यायचेत.” मी साफ नाही म्हटलं. त्यांनी फलकवाल्या कंत्राटदाराकडून करून घेतलं.

काल पाहुणे आले. फलक फुगला, मेमरी संपली. फलकाला अभय, म्हणून मान गेली रक्ततपासणीच्या प्रोग्रामची! तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर एक आजी, आणि त्यांचा रिपोर्ट उघडेना. सर्जनबाई फोनवर किंचाळल्या, “मी सुरी उचलू की घरी जाऊ?” मी प्रोग्राम पुन्हा चालू केला, तो पुन्हा मेला. धावत साहेबांकडे गेले, तर ते पाहुण्यांना फलक दाखवण्यात दंग. मला नुसता हात हलवून म्हणाले, “नंतर.” नंतर! मामा, माझं टाळकंच सरकलं. तिथेच लॅपटॉप उघडला आणि फलक बंद केला. भिंत काळीठिक्कर, आणि रिपोर्ट उघडला. आजी सुखरूप आहेत. मला मात्र साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

तुमची संतापलेली भाची

ता. क. साहेब तुमचे चिरंजीव आहेत म्हणून वर फार सभ्य लिहिलंय. त्याचा कान पिळा आणि मला परत बोलवायला लावा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतानाच त्याचा फोन आला, “ताबडतोब ये.” म्हटलं, उपरती झाली. कसली उपरती! फलक सुरू होत नाहीये म्हणे. मामा, दोन्ही कान पिळा.