रकान्यातला खेळ

प्रिय आई, नमस्कार.

दादाकडून हे नीट वाचून घे, कारण मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं होतं. आमच्या बालवाडीत रोज तासभर खेळ असतो, हे मी वेळापत्रक पाहून कळवलं. प्रत्यक्षात त्या तासाला चार वर्षांची मुलं हाताची घडी घालून पाढे म्हणतात, आणि नोंदवहीच्या रकान्यात ‘खेळ झाला’ असं मीच लिहिते.

काल एक मुलगी डस्टर फडक्यात गुंडाळून त्याला ‘उगी, बाळा’ म्हणत होती. ती वर्गात कधीच बोलत नाही. मोठ्या बाईंनी डस्टर काढून घेतला.

मी म्हटलं, “बाई, आज पहिल्यांदा बोलली ती.”

“बोलायला घर आहे. तुम्ही रकाना भरा.”

मी भरला गं. तेव्हापासून माझाच राग येतोय. शाळेची पायरी न चढता तू आम्हाला पातेली घेऊन मनसोक्त खेळू द्यायचीस. या शिकलेल्यांना एवढं कळू नये?

मी जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

नोकरीचं काय होईल ते होवो. पालकांसमोर नोंदवही उघडून माझी खोटी नोंद मीच वाचून दाखवणार आहे, येत्या गुरुवारी, बारा तारखेला.

तुझी,
धाकटी