खांबांखालचं शेत

२४ सप्टेंबर

नाही दिली शेत विकायची सही! अथेन्सचा तो हॉटेलवाला आज पुन्हा आला — मिठाईचा भलामोठा खोका घेऊन. तो वळणाआड गेल्यावर मी खोका शेळ्यांपुढे ठेवला. त्यांनी मिठाई सोडून पुठ्ठा खाल्ला. शहाण्या आहेत.

मोडक्या देवळाच्या खांबांपासून खाली वाळूपर्यंत माझं शेत. त्यातली पायवाट सगळ्यांना मोकळी. परदेशी लोक खांब बघतात, वाटेत माझी अंजिरं तोडतात, समुद्रात डुंबतात, जाताना हात हलवतात. त्यांची भाषा मला येत नाही, मीही हात हलवते. हॉटेल झालं की वाट त्यांच्या गाड्यांची, वाळू त्यांच्या छत्र्यांची. मग मला पाण्यात पाय बुडवायचे तर फाटकावरच्या पोराला विचारायचं? मी? जन्म गेला माझा त्या पाण्यात!

झान्निस संध्याकाळी येऊन ओरडून गेला. धाकटा भाऊ, पण तोंड थोरल्याचं. "दोन शेळ्यांसाठी अख्ख्या गावाच्या पोटावर पाय देतेस! बाकी सगळ्यांनी सह्या केल्या!"

म्हटलं, "मग करू दे की. माझा हात माझ्याच खांद्याला आहे."

२८ सप्टेंबर

बेकरीत गेले. फळीवर पाव रचलेले, अजून वाफ निघत होती. कालिरोई माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "संपले, मावशी."

घरी येऊन स्वतः पीठ मळलं. तिच्यापेक्षा चांगला झाला!

२ ऑक्टोबर

म्हणजे मला वाळीत टाकलंय. बरं. मीही त्यांना टाकलं.

७ ऑक्टोबर

उद्या संत पेलायाचा दिवस. माझं नाव तिचंच, म्हणजे माझाही. या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, नुसतं दार उघडं ठेवायचं असतं. ठेवणारच! आमंत्रणच नाही, म्हणजे न येणाऱ्याला सबबही नाही. तीळ भाजले, मध कढवला, दरवर्षीइतकीच चिक्की थापली. एक वडीसुद्धा कमी नाही केली. कुणी नाही आलं तर शेळ्या आहेत.

८ ऑक्टोबर

दुपारपर्यंत चिटपाखरू नाही. निळा झगा घालून दारातच खुर्ची टाकून बसले. म्हटलं, तोंड फिरवायचं तर माझ्यासमोर फिरवा.

आणि मग आले! आधी कालिरोई, काखेत मोठा पाव. मग आर्गिरिस सरपंच, मग सगळेच. "खूप वर्षं जग, पेलाया मावशी!" मिठ्या काय, पाप्या काय, राकीचे पेले काय! माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले. वेडी मी.

सरपंच चिक्की फोडता फोडता म्हणाला, "आता कशाला भांडायचं, मावशी? रस्ता ओढ्यापलीकडून काढतायत. झान्निसनं काल त्याच्या तिथल्या शेताची सही दिली. तुझं शेत तुला लखलाभ!"

अस्सं! अडचण होते तोवर वाळीत, अडचण नाही म्हटल्यावर पुन्हा मावशी. मी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. "चिक्की खाल्लीत, राकी प्यायलात, आता उठा. काल आला असतात तर दुसरी बाटली उघडली असती."

"मावशी, सणासुदीला असं—"

"उठा!"

उठले. कालिरोईचा पाव तिच्या काखेत परत दिला. झान्निस आलाच नव्हता.

९ ऑक्टोबर

रागानं पाठ धरते का? धरते.

११ ऑक्टोबर

झान्निसच्या शेतात मातीखाली काय आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बाबा नांगरायचे तेव्हा फाळाला संगमरवर लागायचा. पायऱ्या, भिंती. लागला की वर माती ओढायची आणि गप्प बसायचं. पुराणवस्तू खात्याला कळलं की तारेचं कुंपण पडतं आणि नातवंडं म्हातारी झाली तरी खोदकाम संपत नाही. या गावात चोराला माफी मिळते, नवऱ्याला सोडून पळालेलीला मिळते. खात्याला फोन करणाऱ्याला नाही.

एक फोन केला की हॉटेल संपलं!

केलाही. पलीकडून बाई "बोला" म्हणाली आणि मी ठेवून दिला. शेत विकणार नाही आणि भावाची चहाडीही करणार नाही. दोन्ही माझ्या मर्जीनं, कुणाच्या भीतीनं नाही!

२४ ऑक्टोबर

रस्ता खणायचं मशीन झान्निसच्या शेतात आलं. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर दिवसभर उभी राहिले, त्यांना दिसावी म्हणून. सरपंच दोनदा म्हणाला, "घरी जा." दोनदा म्हटलं, "उभी माझ्याच जमिनीत आहे."

२५ ऑक्टोबर

सकाळच्या बोटीनं खात्याची गाडी उतरली. सरळ झान्निसच्या शेतात गेली, कुणाला न विचारता. दुपारी मशीन बंद, तारा ठोकल्या. झालं, गाव माझ्या दारात!

"तूच फोन केलास! जीभ झडो तुझी!" हा सरपंच.

"मी नाही केला! केला असता तर चर्चची घंटा वाजवून सांगितलं असतं!"

"खोटारडी! सख्ख्या भावाला गाडलंस!" ही कालिरोई. माझ्या उंबऱ्यावर थुंकली. मी तिथंच बादली ओतली, तिच्या चपलांसकट.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर जाब द्यायचा म्हणे. देते की! खोटा आळ मी कुणाच्या बापाचा ऐकून घेणार नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेआधी झान्निस मागच्या दारानं आला. बसलासुद्धा नाही. "पेलाया, फोन मी केला. बाबांनी लावलेलं अंजीर त्यांनी मुळासकट उपटलं गं, माझ्यासमोर. आज सगळ्यांना सांगतो." त्याच्या दोन पोरी, त्याची बायको — सगळ्यांना इथंच राहायचंय. म्हटलं, "तोंड मिटून उभा राहा."

चर्चच्या अंगणात सरपंचानं घसा खाकरला. त्यानं विचारायच्या आत मी बोलले.

"हो, मीच केला फोन. पुढे?"