स्वादुपिंड

बोरी, ता. जिंतूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सरजाबाई ईनबाईंना छबूबाईचा रामराम.

आधी हात सवयीनं सौ. लिहून गेला, मंग खोडलं. डाग दिसंल, राग धरू नका. ईवाई, तुमचे मालक, गेले हे अजून हाताला कळंना.

इकडं ठीक हाय. कापसाची वेचणी चालू हाय, बाया मिळंनात. तुमची सून, माझी मंजुषा, इथं माझ्यापाशी बरी हाय. फोनवर माझा आवाज ऐकला की तुमी कट करता, म्हणून लिहायले. मला चौथीतून काढली, अक्षर लावून घ्या. लागत नसंल तर शिवशंकर बापूंकडून वाचून घ्या, त्यांनी बी ऐकावं. ते फोन करतेत, रडतेत, अन् शेवटी म्हणतेत, "आई म्हणंल तसं." बायको त्यांची हाय का आईची?

तुमी गावभर सांगायल्या की मंजुषानं मालकाचा घास उष्टा केला, तिच्या मायनं पिंडापुढचं उचलून तिच्या तोंडात कोंबलं, मालकाचा जीव अडकला, आता ती या घरात पाऊल ठेवणार न्हाई. उचललं मी. खोटं न्हाई. परत तसं झालं तर परत उचलीन.

पण झालं काय ते नीट ऐका. दहाव्याला सकाळी मंजुषानं रोजच्यासारखं इंजेक्शन घेतलं. तुमीच म्हणल्या होत्या, "गोदावरीवर जाऊन लगेच येऊ, मंग जेवू." कावळा शिवल्याबिगर कुणी तोंडात काही घालत न्हाई, तिनं बी घातलं न्हाई. कावळे झाडावर बसून राह्यले. तुमी हात जोडून म्हणायल्या, "पोराला सांभाळू, बैलाला सांभाळू, शिवा आता." इकडं लेक माझी घामानं भिजली, ओठ थरथरायले, बोलणं तुटायलं. बाया म्हणल्या, "म्हाताऱ्यानं सुनेला धरलं." मी म्हणलं, साखर द्या कुणी. तर तुमी आडव्या आल्या, "अहो, तिला साखरच हाय, अन् वरून साखर देता? मारता का पोरीला?"

त्या शब्दानं घात केला बघा. त्या रोगाला आपण साखर म्हणतो. अन् त्या घडीला तिच्या अंगात साखर उरलीच नव्हती.

परभणीच्या डॉक्टरीणबाईनं मला चित्र काढून दाखवलं. जठराच्या मागं एक अवयव असतो, त्याला स्वादुपिंड म्हणतेत. नाव ऐकून अंगावर काटा आला, म्हणलं इथं बी पिंडच का. जेवण पोटात पडलं की आतडी त्याला सांगावा धाडते, रक्तात साखर चढली की ते इन्सुलिन सोडतं. माणूस उपाशी असला की सोडायचं कमी करतं, अन् दुसरा रस सोडून साखर वर काढतं. शेतातून माणूस येताना दिसला की तुमी तवा ठेवता, न्हाई दिसला तर लाकडं मागं ओढता, तसं. मंजुषाचं ते पिंड इन्सुलिन करायचंच बंद झालं. म्हणून सुई. सुईला काय कळतंय ती जेवली का न्हाई? सुई कावळ्यासाठी थांबत न्हाई.

जवळ गोड काय होतं? पिंडापुढची जिलेबी, ईवायांची आवडती. तिचे डोळे उघडे होते, गिळत होती, म्हणून दिली. थोड्या वेळानं म्हणली, "माय, मी कुठं हाय?" तुमी तवा बी माझ्यावरच ओरडत होत्या.

कावळा आला न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तुमी पाठ फिरवली अन् खरा कावळा शिवून गेला, असं लिहिलं असतं तर तुमचं मन निवलं असतं. मला जमत न्हाई तसलं.

अजून एक हाय. लिहावं का न्हाई म्हणून कागद कितींदा बाजूला ठेवला.

तुमच्या मालकांच्या बंडीच्या खिशात खडीसाखर सापडायची. तुमी चारचौघांत बोलल्या, "म्हातारपणी जिभेचे चोचले." ते नुसते हसायचे. ती त्यांच्या जिभेसाठी नव्हती, सरजाबाई. रानात मंजुषाला घाम फुटला की ते हळूच तिच्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, "खा बाई. सासूला सांगू नको, मी सुनेला विष घातलं म्हणंल ती." तुमाला लागंल म्हणून पोरीनं सांगितलं न्हाई. मी बी आजपर्यंत गिळलं.

आता तुमीच सांगा. ईवाई त्या काठावर उभे असते तर ती जिलेबी कुणाला दिली असती, कावळ्याला का सुनेला?

लेक मला जड न्हाई. पण ती दिवसभर तुमच्या गावाच्या वाटेकडं तोंड करून बसायली. न्यायला या. एकच अट, सुई टोचली की ताट पुढं पायजे, घरात देव असो का मयत.

ती बंडी कुणाला दिली नसंल तर धुवायच्या आधी खिसा चाचपा. काही हाताला लागलं तर येताना घेऊन या, तिच्या हातावर तुमीच ठेवा.

तुमी सोयरीक तोडली नसंल तर,
तुमचीच ईन
छबूबाई